चंद्राची झील

रविवारची देवपूजा आटोपली, तुळशीला पाणी घालून झालं, की वेणूताई सबनीस परसातल्या खोलीत येऊन बसत आणि कानांवर हेडफोन चढवत. आजऱ्यात त्यांना दोन नावांनी ओळखत. कुणी म्हणे, नरहरीबुवा कीर्तनकारांच्या घरच्या. कुणी म्हणे, परसात लोखंडी छत्री उभारून आभाळाशी बोलणाऱ्या. दोन्ही खरंच होतं.

हॅम रेडिओचा छंद त्यांना तरुणपणी जडला तो सुटलाच नाही. परीक्षा द्यायची, सरकारी परवाना घ्यायचा आणि मग आपल्या हातांनी जोडलेल्या संचावरून जगाच्या पाठीवर ज्याच्याशी लहर जुळेल त्याच्याशी बोलायचं; मध्ये ना तार, ना मनोरा, ना कुणाची मेहेरबानी. रविवारी सकाळी बेळगावपासून सांगलीपर्यंतची ही हौशी मंडळी हवेतच एका ठरलेल्या जागी जमत, जशी माणसं पारावर जमतात. मग खबरा निघत. निपाणीच्या एकानं मोडक्या छत्रीच्या काड्यांनी उपग्रह पकडलेला असे. चंदगडच्या शाळेतल्या मुलींनी फुग्याला बांधून सोडलेला चिमुकला संच ओमानच्या किनाऱ्यावरून बोलू लागलेला असे. मिरजेच्या एका सतारवाल्यानं तर भोपळ्यात अँटेना बसवली होती. "चालते की नाही ते अजून कळलं नाही," तो म्हणाला, "पण दिसते झकास!"

आणि प्रत्येक जण शेवटी विचारी, "ताई, माझा आवाज कसा येतोय?"

"पाच-नऊ!" वेणूताई सांगत.

पाच-नऊ म्हणजे या मंडळींतले पैकीच्या पैकी. शब्द किती स्पष्ट कळतात याला पाचांपैकी गुण, आवाजाच्या जोराला नवांपैकी. नियम असा, की कानांना जे येईल तेच सांगायचं. पण रीत अशी, की ज्याला त्याला पाच-नऊ देऊन टाकायचे. "पाच-नऊ, पाच-नऊ, आता तुमचं नाव परत एकदा सांगता का, नीट कळलं नाही," असं बोलणारे वल्ली त्या पारावर कमी नव्हते, आणि वेणूताई त्यांच्या म्होरक्या.

बुवा त्यांना चिडवत. "अगं, मला तर खरखरीपलीकडे काही ऐकू आलं नाही. हे पाच-नऊ काढलेस कुठून?"

"बिचाऱ्यानं उन्हातान्हात कौलांवर चढून तार ताणली. मी त्याला दोन-एक देऊ? प्रसाद वाटताना कुणी तराजू धरतं का हो?"

यावर बुवा काय बोलणार! प्रसादाचं नाव निघालं की त्यांचा वाद संपत असे.

नरहरीबुवांचं कीर्तन नारदीय पद्धतीचं. ज्यांनी ते ऐकलं ते भाग्याचे. पूर्वरंगात ते असं निरूपण करत, की समोरच्या म्हातारीलाही वाटावं, हा वेदांत आपल्याच चुलीपाशी शिजलाय. आणि गाणं! पद उचललं की मंडपातले दिवे क्षणभर स्थिर झाल्यासारखे वाटत. बुवांच्या मागे उभा असे धोंडीराम गवसे. एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. गळा भरदार, खिशात तंबाखूची डबी. तो बुवांचा झीलकरी. कीर्तनकारानं ओळ म्हणून सोडली, की मागच्यानं ती झेलून धरायची, लांबवायची, म्हणजे पुढच्याला श्वास घेता येतो. त्या धरून ठेवण्याला झील म्हणतात. बुवांचा श्वास कुठे संपणार हे बुवांच्या आधी धोंडीरामला कळे.

पण त्या वर्षी चैत्रात बुवांचा आवाज फाटला. गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, "स्वरतंतूवर गाठ आहे. वाईट नाही, पण हट्टी आहे. हळू बोला, वर चढून गाऊ नका. एकदा जरी ताणलंत, तर बोलणंसुद्धा जाईल, आणि ते परत येणार नाही."

बुवा घरी आले आणि झोपाळ्यावर बसले. बसले ते बसलेच. टाळ खुंटीला, उपरणं खुंटीला. धोंडीराम रोज चहाला येई, इकडचं तिकडचं बोले, आणि जाताना वेणूताईंकडे बघून नुसती मान हलवी. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज तेवढा त्या घरात उरला.

अशात एका रविवारी बेळगावच्या अरविंद हुक्केरींनी हवेवर एक नवी खबर सांगितली. हुक्केरी म्हणजे तल्लख माणूस. सर्किटं जोडायची कामं करून पोट भरायचं आणि उरलेला सगळा जीव रेडिओत ओतायचा.

"चंद्राची गाळणी तयार झाली की वो, ताई!" ते म्हणाले. "खेळायच्या पत्त्याएवढी पट्टी आहे. तुमच्या छत्रीला जोडा आणि बोला चंद्राशी."

चंद्रावरून बोलणं हा हॅम मंडळींचा जुना सोस. लहरी चंद्राकडे सोडायच्या. त्या तिथे आपटून परत येतात. ज्याच्या अंगणात तेव्हा चंद्र असेल त्याला त्या ऐकू याव्यात. पण चंद्र म्हणजे आरसा नव्हे, खडबडीत धोंडा. आपण पाठवलेलं बरंचसं तो पिऊन टाकतो, उरलेलं दाही दिशांना उधळतो. मूठभर बुक्का वाऱ्यावर सोडावा आणि त्यातला एखादाच कण फिरून आपल्याच कपाळावर येऊन बसावा, एवढंच काय ते परत येतं. त्यातही चंद्र उगवताना सूर किंचित चढतो, मावळताना किंचित उतरतो, आणि डोंगरदऱ्यांवरून विस्कटून आल्यामुळे शब्दांच्या कडा झिजलेल्या असतात. नदीच्या पैलतीरावरून कुणी घोगऱ्या आवाजात पुटपुटावं तसं.

हुक्केरींची गाळणी या पुटपुटण्यातून माणूस शोधून काढी. तिला आधी त्या माणसाचा स्वच्छ आवाज भरपूर ऐकवायचा. तो तिनं ओळखीचा करून घेतला, की खरखरीत जे तुकडे सापडतील ते ती उचले आणि मधल्या भेगा त्या ओळखीवरून भरून काढी; घागरीची खापरं जुळवताना हरवलेल्या जागी ओली माती भरावी तशी.

वेणूताईंनी पट्टी मागवली, आणि तिला कुणाचा आवाज ऐकवावा याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. घरात बुवांच्या भरातल्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणं पडलेली होती. गाळणी ती सगळी प्यायली.

श्रावणात एका दुपारी पावसानं उघडीप दिली. आभाळ धुतलेल्या ताटासारखं झालं होतं आणि पूर्वेला दिवसाचा चंद्र होता, पिठाच्या बोटाचा ठसा उमटावा तसा.

"अहो, जरा येता का?" वेणूताईंनी हाक मारली. "चाचणी घ्यायची आहे. अगदी हळू. एक ओळ."

हॅम रेडिओवर एरवी गाणं वर्ज्य. पण चांद्रप्रतिध्वनीच्या चाचण्यांपुरती सरकारनं अलीकडेच गळ्याला सूट दिली होती. बुवा नाखुशीनंच आले, हेडफोन लावून घेतले आणि स्वतः कधी काळी रचलेल्या पदाची ओळ म्हणाले, "ये रे माझ्या अवधूता."

वेणूताईंनी पायाखालचं बटण सोडलं. बोलत असताना संच बहिरा असतो. बटण सोडलं की त्याला कान फुटतात. एक रिकामा क्षण गेला. चंद्राकडे जाऊन यायला प्रकाशालाही अडीचएक सेकंद लागतात, त्याला कुणाचा इलाज नाही. आणि मग आभाळातून उत्तर आलं. ये रे माझ्या अवधूता. गोल, तेजाळ, तूप ओतल्यासारखं.

बुवांनी दोन्ही हातांनी हेडफोन घट्ट धरले. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"अगं," ते म्हणाले, "चंद्र झील धरतोय."

वेणूताईंना तेव्हाच सांगायचं होतं, की यातलं चंद्राचं थोडं आहे आणि गाळणीचं फार. पण त्या माणसाला झोपाळ्यावरून उठलेलं त्या किती दिवसांनी बघत होत्या!

"कसा आला आवाज?" बुवांनी विचारलं.

"पाच-नऊ," वेणूताई म्हणाल्या.

मग काय, घराचा रंगच बदलला. बुवा पंचांग उघडून चंद्र कधी वर येणार ते बघू लागले. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी दिवेलागणीला, जसा पाहुणा येईल तसा. ओळ आखूड घ्यायची, बटण सुटायच्या आत संपवायची, आणि चंद्राला जागा द्यायची, हे त्यांनी अंगी बाणवलं. चंद्र वर्तुळात फिरत नाही, थोडा जवळ येतो, थोडा लांब जातो. तेवढ्यानंही परतीची वेळ किंचित बदलते. बुवांच्या कानांना ती कळू लागली. कसलेला गवई पेटीवाल्याला पट्टी विचारतो तसे ते बायकोला विचारत, "आज स्वारी जवळ आहे की लांब? लांब असेल तर लय जरा सैल सोडतो." पृथ्वी आणि चंद्र यांच्यामध्ये कुणी तंबोरा आडवा धरला आहे आणि आपण दोघं त्याच्या तारेवर बसलो आहोत, असं वेणूताईंना त्या दुपारी वाटत राही. खोटं कुठे संपतं आणि कृपा कुठे सुरू होते, हे त्या सुखात त्यांना कळेनासं झालं.

आपला आवाज आपल्याला कवटीतून ऐकू येतो. बाहेरचा खरा आवाज कुणालाच स्वतःचा कळत नाही. त्यात बुवांच्या कानांवर हेडफोन आणि हेडफोनात चंद्र. आपण बरे झालो याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

धोंडीराम येत होता. बाकावर बसून ऐकत होता.

"बघ," बुवा त्याला म्हणाले, "असा झीलकरी पाहिजे. मध्येच तंबाखू मळत नाही."

"व्हय बुवा," धोंडीराम हसून म्हणाला. "आणि त्याला च्या बी लागत न्हाई. वैनींचा वाण्याकडचा हेलपाटा वाचला."

गंमतच होती ती. पण त्यानंतर त्याचं येणं विरळ झालं, आणि दसऱ्यानंतर तो आलाच नाही.

कार्तिकात बुवांनी देवळाच्या पंचांना निरोप धाडला: दत्तजयंतीचं जन्मकीर्तन मी करणार. मार्गशीर्षातली पौर्णिमा, संध्याकाळची वेळ. उत्तररंग, म्हणजे आख्यान, रंगात येईतो पूर्वेच्या टेकाडावर चंद्र वर येईल, आणि तोच झील धरील. देऊळ परसापासून हाकेच्या अंतरावर. मंडपात कर्णा लावायचा. गावात ही बातमी हां हां म्हणता पसरली. गडहिंग्लजहून, उत्तूरहून माणसं येणार म्हणू लागली.

"डॉक्टरांना एकदा दाखवू या का?" वेणूताईंनी विचारलं.

"कशाला? तू रोज ऐकतेस ना? तुझ्या कानांपेक्षा त्यांची नळी मोठी का?"

वेणूताई स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

उत्सवाला आठवडाच उरला असेल. दुपारी वेणूताई परसात छत्रीचं वंगण बघत होत्या, तर फाटकाशी धोंडीराम उभा. देवळाच्या मंडपाला बांबू किती लागतील ते विचारायला पंचांनी धाडला होता, असं त्यानं सांगितलं. आतून बुवांचा रियाज ऐकू येत होता, बटण आज त्यांच्याच पायाखाली. आधी बुवा, मग, एक क्षण सोडून, खिडकीतल्या कर्ण्यातून चंद्र.

धोंडीराम डोकं एका बाजूला कलवून ऐकत राहिला. बुवांच्या तोंडून येत होता तो आवाज नव्हता; जुनं धोतर टरकावं तसं काहीतरी होतं. आणि त्याच्यामागून येत होतं ते सोनं.

"वैनी," तो शेवटी म्हणाला, "चंद्र लई भारी गातुया. पर आपला बुवा कुठं गेला?"

वेणूताईंच्या हातातलं वंगणाचं फडकं तसंच राहिलं.

"धोंडीभाऊजी, चहा घेऊन जा."

"नगं. बुवा आत गातुय तंवर माझ्याच्यानं आत येववत न्हाई. त्याच्या मागं उभं ऱ्हायल्याशिवाय मला त्यो आवाज ऐकवतच न्हाई बगा." आणि बांबूंचा आकडा न विचारताच तो निघून गेला.

त्या संध्याकाळी वेणूताईंनी हुक्केरींना हवेवर गाठलं. हुक्केरींच्या बेळगावच्या गच्चीवरही छत्री होती. चंद्रावरून परतलेले बुवा त्यांनाही ऐकू जात असणार, आणि त्यांच्याकडे बुवांची गाळणी नव्हती.

"हुक्केरी, खरं सांगा. गाळणीशिवाय यांचा आवाज कसा येतो तिकडे?"

"पाच-नऊ, ताई! पाच-नऊ!"

इतक्या झटकन आलेलं उत्तर वेणूताईंनी जन्मभर स्वतःच्याच तोंडून ऐकलं होतं. त्यात विचाराची फट नव्हती. त्यांनी हेडफोन काढून ठेवले आणि देवघरात जाऊन बसल्या. दिवा लावलेलाच होता. काही मागितलं नाही. नुसत्या बसल्या.

दुसऱ्या दिवशी चंद्र दुपारीच वर आला होता, एका बाजूनं अजून न भरलेला. बुवा हेडफोन लावून बसले. वेणूताईंनी संचाच्या मागे हात घालून पत्त्याएवढी पट्टी उपसून पदराला बांधली आणि बटणावर पाय ठेवला.

"ये रे माझ्या अवधूता."

पाय उचलला. क्षण गेला. आणि मग वाऱ्यात वाळू सरकावी तसं काहीतरी आलं. त्या वाळूत एक चिरफाळलेली हाक, थरथरत, विझत.

बुवांनी भुवया उंचावल्या. पुन्हा म्हणाले. पुन्हा वाळू.

"आज चंद्राची तब्येत बरी दिसत नाही," ते म्हणाले.

वेणूताईंना हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. "चंद्र बरा आहे हो. तो जसा आहे तसाच आहे." आणि त्यांनी पदराची गाठ सोडून पट्टी बुवांच्या हातावर ठेवली. तिला काय ऐकवलं होतं, ती काय भरत होती, सगळं सांगितलं. श्रावणापासून.

बुवांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"आणि मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, पाच-नऊ."

"मी सगळ्यांनाच देते."

"मी सगळ्यांतला का गं?"

परसातल्या फणसावर एक भारद्वाज घुमत होता. वेणूताई म्हणाल्या, "तुम्ही झोपाळ्यावरून उठलात. पुन्हा तिथे जाऊन बसाल असं मला वाटलं. माझा धीर झाला नाही. पण तुम्ही त्या दिवशी मंडपात गळा ताणाल आणि दुसऱ्या दिवसापासून मला हाकसुद्धा मारता यायची नाही तुम्हाला, याला मात्र मी जास्त भ्याले."

बुवा उठले. पट्टी तिथेच ठेवली आणि चप्पल घालून बाहेर गेले. दिवेलागणीला परतले ते अबोला धरूनच. त्यानंतरचे दिवस त्या घरात वाढणं आणि जेवणं तेवढं झालं. कीर्तन रद्द केल्याचा निरोप मात्र गेला नाही. पंच येऊन मंडप घालून गेले. वेणूताई रोज वाट बघत होत्या, की हा माणूस म्हणेल, नाही जमायचं. आणि रोज त्यांना उपरण्याला इस्त्री करताना बघत होत्या. ते हट्टानं गाणार. गाळणी असो नसो, गाणार. ओढून ताणून, शेवटचं.

पौर्णिमेला दुपार कलल्यावर बुवांनी पगडी घातली, टाळ खुंटीवरून उतरवले आणि दाराशी थांबून विचारलं, "गाळणी घेतलीस का?"

"नाही."

"बरं," एवढं बोलून ते देवळाकडे चालू लागले.

मंडप माणसांनी ओसंडत होता. वेणूताई एका खांबाशी परसातल्या संचाला जोडलेला छोटा संच आणि पायाचं बटण घेऊन बसल्या. परसातली छत्री आपली आपण चंद्राचा माग काढणार होती. त्यांनी मान वर करून पाहिलं. समोरच्या खांबाला टेकून धोंडीराम बसला होता, पाहुण्यासारखा.

बुवा उभे राहिले. नमन झालं, तेही पुटपुटतच.

"मंडळी," ते म्हणाले, "आवाज बारीक आहे. जवळ सरका. आणि जे सरकणार नाहीत त्यांनी शेजाऱ्याला विचारा, शेजारी चुकीचं सांगेल, पण काहीतरी सांगेल."

हशा पिकला आणि सगळा मंडप हातभर पुढे सरकला.

"आमच्या घरात एक गाळणी आहे. चहाची नव्हे. तिच्यातून माझा आवाज गाळून चंद्रावरून परत यायचा, आणि काय गोड यायचा! मी तुम्हाला जन्मभर सांगत आलो, देवाला हाक मारा आणि जे परत येईल ते गोड मानून घ्या. करत होतो काय? गोड होईल तेवढंच परत घेत होतो." ते वेणूताईंच्या खांबाकडे वळले. "आमच्या कुटुंबावर रागावू नका. त्यांनी मधात घालून औषध दिलं. मीच लबाड, मध चाटला आणि औषध थुंकलं."

बायका वेणूताईंकडे बघून हसल्या. वेणूताईंनी पदर तोंडावर घेतला. त्या माणसाचा आवाज फाटका होता, पण त्यात आज ताण नव्हता. निरूपण असं हळूहळू चाललं, जसं कुणी अंगणात बसून धान्य निवडतं. एकदाही त्यांनी स्वर वर चढवला नाही. वेणूताई खांबाला पाठ टेकून बसल्या. पण उत्तररंग अजून बाकी होता, आणि जन्माची पदं वरच्या सप्तकाशिवाय होत नाहीत.

पूर्वरंग संपला. रीतीप्रमाणे देवळाचे पंच पुढे आले, बुवांच्या कपाळाला बुक्का लावला आणि गळ्यात झेंडूचा हार घातला. हार पडला की कीर्तनकारानं घोटभर पाणी प्यावं आणि आख्यानाला हात घालावा.

बुवांनी हार काढला. तो दोन्ही हातांत घेऊन ते गादीवरून उतरले, माणसांतून वाट काढत समोरच्या खांबापाशी गेले आणि धोंडीरामच्या गळ्यात घातला.

मागची माणसं उठून बघू लागली.

"बुवा, ह्ये काय!" धोंडीराम ताडकन उठला. "मला उत्तररंग येत न्हाई वो!"

"जन्मभर माझ्या मागे उभा होतास, तो काय झोपा काढत होतास?"

"आख्यान येतंय. गाणं बी येतंय. पर पुढं उभं ऱ्हायाचं ठावं न्हाई. पुढं तुमी असता."

"आज मागे असतो," बुवा म्हणाले. "ऊठ. तिकीट फाडलंय, आता उतरता येत नाही."

लोक हसले, कुणी टाळ्या वाजवल्या, आणि धोंडीराम हाराला हात लावून चाचपत, खरंच आहे ना बघत, गादीवर चढला. पहिली दोन वाक्यं त्याची अडखळली. मग अनसूयेची कथा निघाली, आणि एसटीच्या घाटातला तो गळा मोकळा झाला. कथा आजऱ्याच्या बोलीत आली होती. अनसूयेच्या दारी आलेले तीन देव जणू आंबोलीच्या गाडीतून उतरून आले होते. बुवा त्याच्यामागे उभे राहिले, हातांत टाळ घेऊन, मान किंचित खाली, जशी झीलकऱ्याची असते.

टेकाडामागे आभाळ पिवळं झालं. मग चंद्र वर आला, मोठा, तांबूस, कुणी परात वर उचलावी तसा. वेणूताईंनी संचाकडे पाहिलं. छत्रीला तो सापडला होता. त्यांनी कर्णा जोडला. आत गाळणी नव्हती.

धोंडीरामनं पदाला हात घातला. "ये रे माझ्या," त्यानं उचललं, आणि "अवधूता" मागून बुवांनी धरलं. वर न जाता, खालच्याच सुरात, फाटक्या काठाचं. वेणूताईंनी पाय उचलला. आणि कर्ण्यातून चंद्राची वाळू आली, तिच्यात दोघंही.

पहिल्यांदा कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्यांदा मागची माणसं पुढे झुकली. तिसऱ्यांदा एका म्हातारीनं शेजारणीचा हात धरला, "आला गं, ऐक, आला." मग सगळा मंडपच त्या खेळात शिरला: पुढे धोंडीराम, मागे बुवा, आणि सगळ्यांच्या मागे, सगळ्यांत शेवटी, थकत-भागत येणारा चंद्र. त्याचं बोलणं विरलेलं होतं. पण एवढ्या लांबून आलेल्याला कुणी नावं ठेवत नाही. उलट माणसं त्याच्यासाठी श्वास रोखून धरत होती, आणि बुवांना त्या रोखलेल्या श्वासात आपला श्वास घेता येत होता.

कथा जन्मापाशी आली. पंचांनी गुलालाची आणि फुलांची ताटं फिरवली. प्रत्येकानं मूठ भरून घेतली. पाळण्याची दोरी सुवासिनींच्या हातांत आली. धोंडीरामनं बुवांकडे मागे वळून पाहिलं. बुवांनी मान हलवली. आणि दोघांनी मिळून एकच हाक दिली, "ये रे!"

वेणूताईंनी पाय उचलला.

शेकडो मुठी वर होत्या. घंटा वाजवणाऱ्याचा हात दोरीवर थांबला होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळं गाव थांबलं होतं. हाक वर चालली होती, झाडांच्या वर, ढगांच्या वर, त्या काळ्याभोर पोकळीतून, आणि तिथे दगडाला टेकून आता परत निघाली असेल, असं प्रत्येकाला आपल्या छातीत कळत होतं. बुवांनी डोळे मिटले होते. चेहरा कर्ण्याकडे.

वाळू सरसरली. आणि तिच्यातून, घोगरी, झिजलेली, दोन गळ्यांची एक होऊन, हाक आली.

"आला," बुवा हळूच म्हणाले, आणि सगळ्यांच्या आधी त्यांची मूठ उघडली.